टाइम ब्लॉकिंग : दिवसाची खंडवार आखणी

दिवसाचे तास आधीच लहानमोठ्या खंडांत वाटून प्रत्येक खंडाला एकच काम नेमून देण्याची पद्धत म्हणजे टाइम ब्लॉकिंग. कामांच्या यादीत काय करायचे एवढेच असते. इथे ते कधी करायचे आणि त्याला किती वेळ द्यायचा हेही आदल्या रात्रीच ठरते. मराठवाड्यात शेतमजुरी उक्त्याने असते किंवा रोजाने. उक्त्यात काम उरकले की सुटका, रोजात वेळ भरली की सुटका. यादी उक्त्यासारखी आणि खंडवार आखणी रोजासारखी चालते : वेळ भरली की हातातले काम ठेवायचे आणि राहिलेल्याला पुढचा खंड द्यायचा. नवख्याला सर्वांत जड जाते ते हे वेळेवर थांबणेच.

वेळेचे असे तुकडे पाडणे जुनेच आहे. आपल्याकडे अहोरात्राचे ८ प्रहर आणि ६० घटिका मानत. प्रहर ३ तासांचा, घटिका २४ मिनिटांची. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवळाचा दिवस आजही असाच बांधलेला असतो. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात पहाटे उठण्यापासूनची दिनचर्या सांगितली आहे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात आपल्या २४ तासांचा तक्ताच दिला : पहाटे ५ ला उठणे, ८ ते १२ आणि २ ते ६ काम, मधल्या दोन तासांत वाचन, हिशेब व जेवण, रात्री १० ला झोप. सध्याच्या रूपात ही पद्धत लोकांपर्यंत नेण्यात जॉर्जटाउन विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक कॅल न्यूपोर्ट यांचा मोठा वाटा आहे.

ती उपयोगी पडते याची कारणे मानसशास्त्रात सापडतात. जितका वेळ हाताशी तितके काम पसरते, हे सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये मांडले. खंडाला शेवट असल्याने हे पसरणे आटोक्यात राहते. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले. डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये सांगितलेली गोष्ट तर प्रत्येकाच्या अनुभवाची आहे : काम किती वेळात होईल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी पडतो. म्हणून तासाभराचे वाटते त्या कामाला दीड तास लिहावा आणि दिवसात एक खंड मोकळाच सोडावा.

मराठवाड्यात मात्र ही पद्धत पुस्तकात सांगितल्याप्रमाणे जशीच्या तशी बसत नाही. पुस्तकात असे धरलेले असते की दिवस आपल्या मालकीचा आहे. इथल्या आठही जिल्ह्यांत दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांनी आखून ठेवलेला असतो : लाईटने, नळाने, एसटीने, उन्हाने. त्यामुळे इथे आखणीची सुरुवात न हलणाऱ्या वेळांपासून करावी लागते. त्या आधी वहीत उतरवायच्या आणि मग त्यांच्यामधून आपले उरलेले तास शोधायचे. ते थोडे निघाले तरी राखण्याजोगे असतात. या पद्धतीचे इथले खरे मोल तिथेच आहे.

रब्बीतल्या हरभऱ्याचेच बघा. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज वीज साधारण आठ तास मिळते, आणि तीही आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. स्प्रिंकलर एका जागी तीन-साडेतीन तास चालवून पाईप पुढे न्यायचे म्हटले तर आठ तासांत दोनच जागा भिजतात. रात्रपाळी असेल तर थंडीत, ओल्या मातीत, बॅटरीच्या उजेडात नोझलसकट पाईप उचलावे लागतात, आणि पायाखाली काय आहे याकडे लक्ष ठेवावे लागते ते वेगळेच. अशा शेतकऱ्याला रोजचे एकच वेळापत्रक देणे म्हणजे त्याची अडचण न समजणे होय. त्याच्या वहीत दोन पाने हवीत, एक दिवसपाळीचे आणि एक रात्रपाळीचे. रात्रपाळीच्या पानावर पहिला खंड लिहायचा तो दुसऱ्या दिवशीच्या झोपेचा. सकाळची धार काढून दूध केंद्रावर घातले की त्यापुढचे चार-पाच तास झोपेचे, आणि त्या वेळात फवारणी नाही, बँक नाही, सोसायटी नाही. हा खंड घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनीही मानला पाहिजे. तो पाळला जात नाही म्हणून कितीतरी माणसे डोळ्यांवर झापड घेऊन मोटारसायकलवर तालुक्याला जातात. फीडर सौरऊर्जेच्या वाहिनीवर गेले तिथे दिवसा वीज मिळू लागली आहे. तिथे मात्र एका पानावर भागते.

पाण्याचेही असेच. छत्रपती संभाजीनगरच्या अनेक वस्त्यांत, जायकवाडी धरण जवळ असूनही, वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा तर पाण्याची वेळ हाच तिथल्या घरांचा पहिला खंड झाला होता. पाण्याच्या दिवशी त्या दोन-तीन तासांत दुसरे कोणतेही काम आखू नये. आखले तर ते बुडते आणि वर अपराधी वाटत राहते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की डोक्याचे असो वा अंगमेहनतीचे, जड काम अकराच्या आत बसवणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात त्याही याच हिशेबाने.

खंडवार आखणी सर्वांत काटेकोरपणे चालते ती लातूरच्या अभ्यासिकांत. बारावी आणि प्रवेशपरीक्षांच्या कसून तयारीसाठी नावाजलेल्या लातूर पॅटर्नमुळे आसपासच्या जिल्ह्यांतली मुले इथे खोली करून राहतात, मेसवर जेवतात आणि क्लास, कॉलेज, अभ्यासिका असे फिरतात. टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकात बहुधा विषयांची नावे असतात : सकाळी फिजिक्स, रात्री बायोलॉजी. एवढ्याने भागत नाही. ‘फिजिक्स’ हा खंड नव्हे. ‘किरण प्रकाशिकीची तीस उदाहरणे, चुकलेली वेगळ्या वहीत’ हा खंड. वेळेचीही एक बाब आहे. २०२५ ची ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दुपारी २ ते ५ या वेळेत झाली, १८० मिनिटांत १८० प्रश्न. मेसचे जेवण झाल्यावर नेमकी हीच वेळ डुलकीची. परीक्षेआधीच्या शेवटच्या महिन्यांत सराव पेपर दुपारी दोनलाच लावला, तर शरीराला त्या वेळी जागे राहण्याची सवय लागते. वेळापत्रकात घरच्यांशी फोनवर बोलण्याचा खंडही असावा. सोळा-सतरा वर्षांच्या, पहिल्यांदा घर सोडलेल्या मुलांना त्याची फार गरज असते. तो वेळ वाया गेलेला मानणे चूक आहे.

बायकांच्या दिवसाचा विचार टाइम ब्लॉकिंगवरच्या लिखाणात क्वचितच होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार देशात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे. मराठवाड्यातल्या शेतमजूर बाईच्या दिवसात निंदणी-खुरपणीचा रोज आणि दोन वेळच्या भाकरी धरल्या की तिच्या नावाचा तासही शोधून काढावा लागतो. बचत गटाचा हिशेब, शिलाई, अर्धवट राहिलेली बारावी यांसाठी तो हवा असेल, तर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी त्या वेळेतले काम अंगावर घ्यायला हवे. तिची वही कितीही नीट लिहिलेली असली तरी हे झाल्याशिवाय खंड टिकत नाही.

पद्धतीला साधने फारशी लागत नाहीत. रेघांची वही पुरते. मोबाईलमधले कॅलेंडर आठवण करून देते, पण त्याच मोबाईलवर व्हॉट्सॲपही असते. दिवस फिसकटला तर उरलेल्या तासांची आखणी नव्याने करायची; सकाळचे पान जपत बसू नये. दवाखाना, किराणा दुकान, आशाताईंचे काम अशा ठिकाणी बोलावणे कधी येईल ते सांगता येत नाही. तिथे दिवसाचा एखादाच खंड धरावा आणि बाकी वेळ मोकळा ठेवावा.

जवळच्या इतर पद्धतींत फ्रान्सेस्को चिरिल्लो यांची पोमोडोरो पद्धत, म्हणजे २५ मिनिटे काम आणि थोडी विश्रांती, विद्यार्थ्यांत बरीच चालते. दुसरी पद्धत अख्खा दिवस एकाच जातीच्या कामांना देण्याची. खेड्यांत आठवडी बाजाराच्या दिवशी ती आपोआप पाळली जाते : बी-बियाणे, बँक, दवाखाना, चक्कीचा पट्टा आणि सोयरिकीची भेट, सगळे तालुक्याच्या एका फेरीत उरकते आणि बाकीचे सहा दिवस शेताला मोकळे राहतात.