पट्टी तळाला टेकल्यावर

पेटीची पट्टी एकदा खाली गेली की तिचं काम संपलं. त्यापुढे बोटाने कितीही जोर लावा, सुरात चढउतार होतो तो भात्यामुळेच. ऐंशीच्या दशकातल्या चांगल्या सिंथेसायझरांमध्ये मात्र पट्टी तळाला टेकल्यावरही वादकाच्या हातात बरंच काही उरतं. धरलेल्या सुरावर दाब वाढवला की त्याला कंप सुटतो किंवा आवाज भरत जातो. याला आफ्टरटच म्हणतात. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स-७ मध्ये तो होता.

ठाण्यात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माझ्या एका मित्राकडे त्याच काळातला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. सगळे सूर खणखणीत, आफ्टरटच तेवढा गेलेला. नौपाड्यातल्या त्याच्या घरी आम्ही तो उघडला आणि नवा सेन्सर बसवला. असं वाद्य भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून आतली गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

पट्ट्यांच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फेल्टच्या पट्ट्याखाली एक चपटी स्ट्रिप असते. आम्ही बसवली त्या प्रकारात पॉलिएस्टरचे दोन पातळ थर असतात. एकावर चांदीच्या शाईने एकमेकींत गुंतलेल्या, पण एकमेकींना न टेकणाऱ्या बारीक रेषा छापलेल्या. दुसऱ्यावर कार्बनची शाई. कार्बनचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. हलक्या दाबाला त्याची मोजकीच टोकं चांदीला टेकतात, दाब वाढेल तशी आणखी टेकतात आणि विजेला वाट मोकळी होत जाते. हात न लावता मल्टिमीटर रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एक मेगाओमच्या वर दाखवतो, जोरात दाबलं की काही किलोओमवर येतो.

स्ट्रिप सगळ्या पट्ट्यांना मिळून एकच. त्यामुळे कॉर्डमधलं, म्हणजे एकत्र धरलेल्या सुरांमधलं, एकच बोट दाबलं तरी सगळेच सूर कंप पावतात. १९७७ च्या यामाहा सीएस-८० मध्ये प्रत्येक पट्टीला स्वतंत्र सेन्सर होता. ती चैन फार थोड्या वाद्यांना परवडली.

अशा स्ट्रिपचा एक शत्रू म्हणजे हवा. दोन थरांमधली हवा आतबाहेर व्हावी म्हणून तिला एक बारीक वाट ठेवलेली असते, आणि त्याच वाटेने दमटपणाही शिरतो. खाडीकाठच्या आपल्या गावात घरातली चांदीची निरांजनं काळी पडतात, ती हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड बनल्यामुळे. छापील चांदीलाही तोच धोका. शिवाय वर्षानुवर्षं दाबून फेल्ट कडक होतो, तो वेगळाच.

बसवताना घाई नको. प्लग काढायचा, केबल कुठे होत्या त्याचे फोटो घ्यायचे, मग पट्ट्यांचा सांगाडा बाहेर. जुन्या गोंदाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण निघायला हवा. एखादा खडा राहिला तर तिथली स्ट्रिप कायमची दाबलेली राहते. स्ट्रिपला घडी पडू द्यायची नाही. तिच्या टोकाला थेट सोल्डरिंगही करायचं नाही, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने पॉलिएस्टर वितळतं. कनेक्टरच्या तारेलाच डाख द्यायचा.

खरं कसब यापुढे आहे. नव्या स्ट्रिपचा रोध जुन्यासारखा बदलेलच असं नाही, आणि सर्किट तर जुन्याच सवयीचं. सेन्सर आणि एक ठरावीक रोधक (रेझिस्टर) मिळून व्होल्टेज वाटून घेतात, आणि रोधकावरच्या व्होल्टेजवरून कीबोर्ड दाबाचा आकडा ठरवतो. समजा पुरवठा ५ व्होल्टचा आणि रोधक १० किलोओमचा. सेन्सर एक मेगाओमवर असताना रोधकावर जेमतेम ०.०५ व्होल्ट मिळतात. तो १० किलोओमवर आला की २.५, आणि २ किलोओमवर आला की सुमारे ४.२. रोधक फार मोठा घेतला तर बोट टेकताच आकडा शिखरावर जातो, फार लहान घेतला तर बोटं दुखेपर्यंत दाबावं लागतं. वादकाची बोटं आणि रोधकाची किलोओममधली किंमत यांचा मेळ बसेपर्यंत बदलून पाहायचं, हाच त्यावर उपाय. मित्र रोज वाजवतो तेवढ्याच दाबाने त्याला वाजवायला सांगितलं आणि त्यावरून आम्ही ती ठरवली.

शेवटी कीबोर्ड मिडीने, म्हणजे वाद्यांचे संदेश आकड्यांत पाठवणाऱ्या जोडणीने, कॉम्प्युटरला जोडून आकडे पाहायचे. हात काढल्यावर ०, पूर्ण दाबावर १२७, आणि मधला प्रवास सलग हवा. प्रत्येक पट्टी वेगळी दाबून बघा. दोन-चार शेजारच्या पट्ट्यांवरच आकडा अडकत असेल, तर नवी स्ट्रिप उचकटण्याआधी तिथला फेल्ट सपाट बसलाय का ते तपासा.