पाचारण मिळालं, पण सेवा कुठे करायची?

धर्मशास्त्राचं शिक्षण पुरं करून बाहेर पडणाऱ्या मराठी ख्रिस्ती तरुणीने पाचारणाचा, म्हणजे देवाने आपल्याला सेवेला बोलावलं आहे का हा, प्रश्न बहुतेक वेळा प्रार्थनेत सोडवलेला असतो. अडतं ते पुढे. मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, व्हायचं, संस्थेत जायचं, दवाखान्यात, वसतिगृहात, की रविवारच्या शाळेतच राहायचं? हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला की तिला उगाचच आपल्या विश्वासात काही कमी आहे असं वाटू लागतं.

अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झालं. 1827 च्या अखेरीस सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका तिथे आली आणि पुढे अहमदनगरला गेली. तिने मुलींच्या शाळा चालवल्या. त्या जोतीराव फुल्यांनीही पाहिल्या होत्या. ती 1862 मध्ये नगरलाच वारली. सुमारे चौतीस वर्षं सेवा केली, पण तिचं पद शिक्षिकेचंच राहिलं. याच मिशनच्या काँग्रिगेशनल (मंडळीने आपला पाळक आपणच निवडायचा अशा) परंपरेतल्या एका अमेरिकन मंडळीने 1853 मध्ये अँटोनेट ब्राउन हिला पाळकपदाची दीक्षा दिली होती, हे इथे लक्षात ठेवायला हवं. मायदेशी निदान एका मंडळीचं दार उघडलं होतं, नगरला मात्र ते उघडायला फार काळ गेला.

मधल्या काळात खरं काम केलं बायबलबायांनी, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांनी. पुरुष उपदेशकाला जिथे उंबऱ्याबाहेरच थांबावं लागे, तिथे ही बाई थेट माजघरात जाऊन बसे. दळण चालू असताना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, सुनेला अक्षरं शिकवायची, आजाऱ्याजवळ प्रार्थना करायची. कुटुंबांची दुःखं तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नसत. पण रविवारी ती बाकावर बसे आणि बाप्तिस्मा द्यायला उभे राहत ते पाळक. मला या इतिहासातली सगळ्यांत जास्त सलणारी गोष्ट हीच वाटते: जी माणसांना मंडळीच्या दारापर्यंत आणत होती, तिला आत गेल्यावर जागा नव्हती.

पंडिता रमाबाईंना ही भिंत इंग्लंडमध्येच दिसली. 1883 मध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार निघाला, आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. कलकत्त्याच्या पंडितांपुढे बोललेल्या, 1882 मध्ये पुण्याला शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिलेल्या बाईला हे! त्यांनी कळवलं ते साधारण असं: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही. मग त्यांनी स्वतःची जागा स्वतः उभी केली. 1889 मध्ये शारदासदन, आणि नंतर केडगावचं मुक्तिमिशन. 1905 च्या धार्मिक जागृतीनंतर तिथल्या मुली टोळ्याटोळ्यांनी गावोगाव उपदेशाला गेल्या. छापखान्यात मुली खिळे जुळवत, छापलेले कागद घडी घालत, बांधणी करत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. 1922 मध्ये त्या गेल्या, पण त्याआधी त्यांनी ते काम पुरं केलं.

भाषांतराचा संबंध इथे जवळचा आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबी ही किंख्रियाच्या मंडळीची सेविका आहे. तिथला ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’. हे पत्र लिहिणारा पौल तोच शब्द स्वतःसाठी वापरतो. पण आपल्याकडे ‘देवाचा सेवक’ म्हटलं की पाळक डोळ्यांपुढे येतात, आणि ‘सेविका’ म्हटलं की चहाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई. स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं, हे करिंथकरांस पत्रातलं वाक्य मात्र पाठ असतं.

रमाबाईंच्याच पिढीत डॉ. गुरुबाई करमरकर यांनी 1892 मध्ये फिलाडेल्फियाला वैद्यकीची पदवी घेतली आणि परत येऊन मुंबईत मिशनचं काम केलं. दवाखाना आणि शाळा या जागा स्त्रियांना आधी मिळाल्या. व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचं, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटण्याचं, मेज फार उशिरा. (कॅथलिक परंपरेत धर्मगुरुपद आजही पुरुषांनाच आहे, त्यामुळे वसईच्या बहिणींचा प्रश्न वेगळ्या वाटेने जातो.)

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बिशपने पाळक नेमायचा ही अँग्लिकन रीत आणि मंडळीने आपला पाळक आपण बोलवायचा ही काँग्रिगेशनल रीत, अशा दोन्ही परंपरांची माणसं एका छपराखाली आली. आज तिथे दीक्षित स्त्रिया आहेत. दक्षिणेत, चर्च ऑफ साउथ इंडियात, 2013 मध्ये एग्गोनी पुष्पललिता नंद्याल धर्मप्रांताच्या बिशप झाल्या. पण दीक्षा मिळाली म्हणजे मंडळी मिळाली असं नाही. बिशप नेमतील, तरी कमिटीतले वडील ‘आम्हांला पुरुष पाळक द्या’ म्हणू शकतात; मंडळी तयार असेल, तर वरून नेमणूक संस्थेत होते. म्हणून एखादी बहीण नेमणुकीचं पत्र हातात घेऊन पगार आणि राहण्याच्या जागेआधी एवढंच विचारते: तिथे प्रभुभोजन मी द्यायचं आहे ना?