सीएमएल बळावल्यावर एकटी गोळी का पुरत नाही?

सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून बनलेले बीसीआर-एबीएल प्रथिन पेशींची वाढ थांबूच देत नाही. २००१ साली मान्यता मिळालेली इमॅटिनिब ही गोळी हेच प्रथिन बंद पाडते. सुरुवातीच्या टप्प्यात रोज ४०० मिलिग्रॅमवर बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे कामाधंद्याला लागलेले असतात.

रक्तात किंवा बोन मॅरोत ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, २० टक्क्यांवर गेल्या की आजार पालटतो. याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. आता पेशींत नवे बिघाड साचलेले असतात आणि एक वाट अडवली तरी त्या दुसरीने वाढतात. नुसत्या गोळीने काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, सुधारतात, पण अनेकदा काही महिन्यांतच आजार उलटतो. म्हणून गोळीला किमोची जोड.

जोड कोणती, हे पेशींचा प्रकार ओळखणारी फ्लो सायटोमेट्री ही तपासणी सांगते. ब्लास्ट लिम्फॉइड, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशातले, असतील तर व्हिन्क्रिस्टिन, स्टिरॉइड आणि मणक्यातून मेथोट्रेक्सेट. मायलॉइड, म्हणजे इतर रक्तपेशींच्या वंशातले, असतील तर तीव्र किमो. ती झेपणार नसेल तर सौम्य ॲझासिटिडिन, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, २८ दिवसांच्या चक्रात ७ दिवस. गोळी ठरवायला बीसीआर-एबीएलमधल्या म्युटेशनची, म्हणजे जनुकीय बदलाची, तपासणी हवीच. टी३१५आय हे म्युटेशन निघाले तर इमॅटिनिब आणि त्याच जातीच्या डॅसॅटिनिब, निलोटिनिब या गोळ्या, तिन्ही फोल. तिथे पोनॅटिनिब ही गोळी चालते, पण तिने रक्तवाहिन्या तुंबू शकतात. त्यामुळे आधी बीपी, शुगर, ईसीजी पाहून घ्यावे.

घोळ होतो तो बहुधा तिसऱ्याच औषधाने. काउंट पडल्यावर बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल देतात. ते यकृतातले औषध मोडणारे एन्झाइम अडवते, मग व्हिन्क्रिस्टिन अंगात साचते, पाय बधिर होतात, आतडी ठप्प होतात. चार दिवस शौचाला झाले नाही, ही गोष्ट रुग्ण संकोचाने सांगत नाही. त्याला ती मुद्दाम विचारायलाच हवी. ॲसिडिटीच्या ओमेप्रॅझोलने डॅसॅटिनिब नीट शोषली जात नाही. तेच एन्झाइम अडवणारी पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. नागपुरी संत्र्याने असे होत नाही, ते बिनधास्त खावे. काउंट पडलेले असताना मात्र धुऊन, घरीच सोलून.

उपचाराच्या पहिल्या दिवसांत ब्लास्ट झपाट्याने फुटतात, युरिक ॲसिड आणि पोटॅशियम चढते, किडनीवर ताण येतो. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल आणि सलाईन. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर असताना शरीर आधीच कोरडे पडलेले असते, म्हणून लघवी किती होते ते मापाच्या भांड्यात मोजून लिहून ठेवावे.

गडचिरोली किंवा बालाघाटहून येणाऱ्यांनी किमोनंतरचे दिवस शहरातच, दवाखान्याजवळ काढावेत. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की सकाळच्या बसची वाट पाहू नये, पॅरासिटामॉल घेऊन झोपू नये. रात्रीच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले पाहिजे.

आजार पुन्हा काबूत आला की दात्याच्या पेशींनी बोन मॅरो बदलण्याची, म्हणजे ट्रान्सप्लांटची, संधी उघडते आणि ती फार काळ उघडी राहत नाही. म्हणून भावंडांच्या पेशी रुग्णाशी जुळतात का हे सांगणारी एचएलए तपासणी निदानाच्या पहिल्याच आठवड्यात पाठवावी.