पार्श्वभूमी : गुंगी उतरवणारी औषधं

ताडोब्याकडच्या एखाद्या वाघाला डार्ट मारून बेशुद्ध केलं, की काम आटोपताच उताऱ्याचं इंजेक्शन देतात, हे नागपूरकर बातम्यांतून वाचत असतात. प्रयोगशाळेतल्या उंदरालाही त्याच जातीचा उतारा लागतो, त्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही.

ज्या गुंगीवर हा उतारा लागतो, ती आणणारं मुख्य औषध झायलाझिन. १९६२ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीनं ते माणसांच्या रक्तदाबासाठी तयार केलं. माणसांत रक्तदाब फारच खाली जाई आणि गुंगीही चढे, म्हणून ते जनावरांपुरतं राहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत केल्विन स्टीव्हन्स यांनी केटामाइन हे भुलीचं औषध बनवलं. पुढे ही दोन्ही एकत्र करून उंदरांच्या पोटात टोचण्याची पद्धत जगभर रुळली.

भूल देणं सोपं झालं, पण ती उतरवण्याचं काय? अफूच्या गटातल्या औषधांना उत्तर लवकर सापडलं. १९६०च्या दशकातच एटॉर्फिननं गेंडा आडवा करायचा आणि त्यावरच्या उताऱ्यानं उठवायचा, असं सुरू झालं होतं. झायलाझिनचं तसं नव्हतं. ते चेतातंतूंच्या टोकांवरच्या अल्फा-२ ग्राहींवर, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या जागांवर बसून नॉरॲड्रेनॅलिन हे जागं ठेवणारं रसायन सुटू देत नाही. त्याला तिथून हटवायला आधी योहिंबीन वापरलं गेलं. हे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतून मिळतं. पण ते इतर ग्राहींनाही छेडतं. अल्फा-२ वर नेमकं बसणारं अटिपामेझोल १९८०च्या दशकात फिनलंडच्या फार्मोस कंपनीत तयार झालं.

पंचवीस ग्रॅमच्या उंदराला हा उतारा का लागतो, ते त्याच्याजवळ बसल्यावर कळतं. डोळे उघडेच राहतात, मलम लावलं नाही तर बुबुळं कोरडी पडतात. श्वास मंदावतो. एवढ्याशा अंगातली ऊब भराभर निघून जाते, शेपटी गार लागते. डिसेंबरातल्या नागपुरी सकाळी तर ऊब देणारी गादी हवीच. शस्त्रक्रिया नीट होऊनही जनावर दगावतं ते बहुधा शुद्धीवर येण्याच्या याच काळात.

आणि केटामाइनला आजही उतारा नाही. अटिपामेझोल घाईनं टोचलं, तर एकटं केटामाइन उरतं, स्नायू ताठरतात, झटके येतात. शिवाय झायलाझिनसोबत वेदनाशमनही जातं, म्हणून वेदनाशामक आधीच द्यायला हवं.

१९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांमुळे भुलीविना वेदनादायक प्रयोगांना लगाम बसला. माझं म्हणणं एवढंच, की भुलीच्या मात्रेइतक्याच काटेकोरपणे शुद्धीवर येण्याचीही नोंद व्हावी : उतारा कधी दिला, तापमान किती होतं, जनावर चार पायांवर कधी उभं राहिलं.