व्हॉल्यूम ग्रुपमधील बिघाड (युनिक्स सर्व्हर)

अनेक डिस्क एकत्र बांधून केलेल्या साठ्याला व्हॉल्यूम ग्रुप म्हणतात. त्यातून लागेल तेवढी जागा लॉजिकल व्हॉल्यूम म्हणून कापून घेतात. एआयएक्स, एचपी-यूएक्स आणि लिनक्स या तिन्हींत ही सोय, म्हणजे एलव्हीएम, आहे, आज्ञा मात्र निरनिराळ्या. लिनक्समध्ये जागा सहसा 4 मेगाबाइटच्या तुकड्यांनी मोजतात. कोणता तुकडा कुठे आहे याचा नकाशा, म्हणजे मेटाडेटा, डिस्कच्या सुरुवातीच्या साधारण 1 मेगाबाइटात साध्या मजकुरात असतो. ग्रुप उघडत नाही तेव्हा बहुधा हा नकाशा खराब झालेला असतो, नाहीतर एखादी डिस्क सर्व्हरला दिसत नसते. खरी माहिती जागेवरच असते. म्हणून आधी फक्त वाचायचे, डिस्कवर काही लिहायचे ते नंतर.

खान्देशात या बिघाडाचे मूळ पुष्कळदा विजेत सापडते. लाइट जाते, यूपीएस उतरतो, आणि लाइट आली की सर्व्हर आणि बाहेरची डिस्कपेटी एकदमच सुरू होतात. पेटीतल्या डिस्कना फिरायला वेळ लागतो. तोवर सर्व्हर एक-दोन डिस्क गैरहजर धरून मोकळा होतो. वीज येताच सर्व्हरने आपोआप सुरू होण्याची बायोसमधली सोय बंद करावी. पेटी आधी लावावी, सगळे दिवे हिरवे झाले की मग सर्व्हर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि बऱ्याच सर्व्हरना आत येणारी हवा 35 अंशांपर्यंतच सोसते. जिनिंगच्या आवारातल्या खोलीत दिवाळीनंतर रुईचे तंतू पंख्यांत अडकतात. तेव्हा एसीइतकेच जाळी झाडण्याकडेही लक्ष हवे.

लिनक्सवर तपासणी पीव्हीएस (ग्रुपमधल्या डिस्क), व्हीजीएस (ग्रुप) आणि एलएसबीएलके (सर्व्हरला दिसणाऱ्या सगळ्या डिस्क) या तीन आज्ञांनी सुरू करावी. व्हीजीएसच्या गुणधर्मांच्या रकान्यात चौथे अक्षर ‘पी’ असेल तर ग्रुप अपुरा आहे. पीव्हीएसमध्ये तिसरे अक्षर ‘एम’ म्हणजे ती डिस्क हरवलेली. अमुक यूयूआयडीचे (डिस्कच्या एकमेव ओळखीचे) डिव्हाइस सापडत नाही असा संदेश आला तर त्यातली 32 अक्षरांची ओळख जशीच्या तशी उतरवून घ्यावी. पुढे तीच लागते. मग कर्नलचा लॉग (यंत्रणेच्या गाभ्याच्या नोंदी), केबल, पॉवर सप्लाय तपासावेत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 9 मध्ये डिस्क एलएसबीएलकेला दिसते पण पीव्हीएसला नाही, असे झाल्यास ती बहुधा सिस्टम डॉट डिव्हाइसेस या एलव्हीएमने वापरायच्या डिस्कच्या यादीत नसते. एलव्हीएमडिव्हाइसेस या आज्ञेने ती यादीत घातली की काम होते.

डिस्क परत आली तरी ‘एम’ जात नाही, असेही होते. ती नसताना ग्रुपमध्ये काही बदल झाला तर बाकीच्या डिस्कवरच्या नकाशाचा अनुक्रमांक पुढे गेलेला असतो आणि ती जुन्यावरच राहते. डिस्क धड आहे याची खात्री करून व्हीजीएक्स्टेंडला ‘रिस्टोअरमिसिंग’ द्यावे. व्हीजीरिड्यूसला ‘रिमूव्हमिसिंग’सोबत ‘फोर्स’ देणे हा हातघाईतला सर्वांत महाग उपाय: हरवलेल्या डिस्कवर ज्यांचा एखादा तुकडा आहे ते लॉजिकल व्हॉल्यूमच तो काढून टाकतो. डिस्क कायमची गेली हे पक्के झाल्याशिवाय त्याला हात लावू नये.

डिस्क धड पण नकाशा पुसला गेला, उदाहरणार्थ कोणी चुकून त्यावर नवे पार्टिशन केले, तर इटीसीखालच्या एलव्हीएम डिरेक्टरीतल्या आर्काइव्हमध्ये जुने नकाशे मिळतात. प्रत्येकाच्या वर्णनाच्या ओळीत तो कोणत्या आज्ञेच्या आधी घेतला ते लिहिलेले असते. ती वाचूनच फाइल निवडावी. शक्य असेल तर डीडी या आज्ञेने डिस्कची प्रत काढावी. ग्रुप बंद करून, सिरियल नंबर जुळवून, पीव्हीक्रिएटला उतरवून ठेवलेला यूयूआयडी आणि ‘रिस्टोअरफाइल’ म्हणून ती फाइल द्यावी. यात माहितीच्या भागाला धक्का लागत नाही. मग त्याच फाइलवरून व्हीजीसीएफजीरिस्टोअर, नंतर व्हीजीचेंजने ग्रुप चालू. माउंट करण्याआधी फाइलसिस्टम न बदलता तपासावी. एक्सएफएस प्रकारच्या फाइलसिस्टमसाठी एक्सएफएस रिपेअरला ‘एन’ द्यावा. थिन पूल (प्रत्यक्ष लिहिताना लागेल तशी जागा देणारा साठा) असेल तर हा मार्ग धोक्याचा, कारण पूलचा स्वतःचा हिशेब वेगळा असतो आणि तो जुन्या नकाशाशी जुळेलच असे नाही. आर्काइव्ह रूटवरच (सर्व्हरच्या मुख्य फाइलसिस्टमवरच) असते. रूटही त्याच ग्रुपमध्ये असेल तर त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर हवीच.

एकच यूयूआयडी दोनदा दिसला तर मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग एक धरण्याची सोय) बंद आहे का ते आधी पाहावे. सॅनवरची (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यातली) क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, केलेली डिस्क जोडली असेल तर व्हीजीइम्पोर्टक्लोनने तिला नवी ओळख द्यावी.

एआयएक्समध्ये अडचण कोरमची, म्हणजे नकाशाच्या किमान प्रती हजर असण्याच्या अटीची. दोन डिस्कच्या ग्रुपमध्ये पहिल्या डिस्कवर नकाशाच्या दोन प्रती, दुसरीवर एक. निम्म्याहून जास्त प्रती हव्यात, म्हणून दुसरी गेली तर ग्रुप चालतो, पहिली गेली तर बंद पडतो. मिरर केलेल्या (माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवरही असलेल्या) ग्रुपसाठी सीएचव्हीजीने कोरमची अट काढून ठेवतात. एचपी-यूएक्समध्ये व्हीजीचेंजला ‘क्यू एन’ देऊन तेच साधते. तिथे इटीसीतली एलव्हीएमटॅब फाइल (ग्रुप आणि त्यांच्या डिस्कची यादी) खराब झाली असेल तर ती बाजूला ठेवून व्हीजीस्कॅनने नव्याने करून घ्यावी.