वंशावळीच्या तक्त्यातून आउश्वित्झकडे

रोमा आणि सिंती लोकांना, म्हणजे ज्यांना सरसकट 'जिप्सी' म्हटलं जाई त्यांना, नाझींनी छळछावण्यांत धाडलं ते रीतसर तपासणी करून. १९३६ मध्ये जर्मनीच्या आरोग्य खात्यात त्यासाठी वंशशुद्धीचं संशोधन केंद्र निघालं. प्रमुख होता मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट रिटर. त्याची पथकं पोलिसांसह वस्त्यांवर जात. डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्यांचा रंग, बोटांचे ठसे, रक्त, फोटो, सगळं घेतलं जाई. निकाल मात्र ठरे वंशावळीवर. चर्चच्या जन्म-लग्नाच्या नोंदवह्या आणि पोलिसांची दप्तरं जुळवून तक्ते बनत. रिटरची सहकारी एव्हा जस्टिन रोमानी, म्हणजे रोमा लोकांची भाषा, बोलायची, त्यामुळे लोक तिला नातीगोती सांगत. जे गप्प राहत त्यांना छावणीची धमकी मिळे.

मग शेरा पडे: 'झेड' म्हणजे शुद्ध जिप्सी, 'झेडएम' म्हणजे मिश्र, 'एनझेड' म्हणजे जिप्सी नव्हे. १६ खापरपणजोबा-खापरपणजींपैकी दोघं जिप्सी निघाली तरी माणूस मिश्र ठरू शकत असे. ज्यूंसाठीचे निकष आजी-आजोबांपाशी थांबत. हे त्याहून कडक होते.

यात एक मोठी अडचण होती. रोमा मूळचे भारतातले. त्यांचे येक, दुइ, त्रिन, पांज हे आकडे आपल्याला शिकवावे लागत नाहीत. जर्मन विद्वानांना हे नातं अठराव्या शतकापासून ठाऊक होतं. म्हणजे नाझींच्याच हिशेबाने ही माणसं 'आर्य'! रिटरने पळवाट काढली: नव्वद टक्के जिप्सी मिश्र रक्ताचे आहेत आणि गुन्हेगारी त्या मिश्रणातून येते. पुरावा पोलीस दप्तराचा. पण बव्हेरियासारख्या प्रांतात परवानगीशिवाय टोळीने तळ ठोकणं हाच गुन्हा होता. कायद्याने गुन्हेगार ठरवायचं आणि ती नोंद रक्ताचा दोष म्हणून वाचायची, हे कुठल्याही परीक्षकाने पहिल्या वाचनातच फेकून द्यायला हवं होतं.

उलट त्यावर पदव्या मिळाल्या. जस्टिनने पीएचडीसाठी मुलफिंगेनच्या अनाथालयातली सुमारे ४० सिंती मुलं अभ्यासली. प्रबंध होईपर्यंत त्यांची छावणीत पाठवणी थांबवली होती. मे १९४४ मध्ये त्या मुलांना आउश्वित्झच्या छळछावणीत धाडलं, वाचली चार.

१६ डिसेंबर १९४२ ला एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने जिप्सींना आउश्वित्झला धाडायचा आदेश दिला. त्यानंतर तिथल्या बिर्केनाऊ या भागात कुटुंबंच्या कुटुंबं आली. ५२ घोड्यांसाठी आखलेल्या तबेल्याच्या पद्धतीच्या एकेका बराकीत शेकडो माणसं कोंबली. हातावर 'झेड'ने सुरू होणारा क्रमांक गोंदला जाई. टायफस पसरला. उपासमारीने मुलांना नोमा झाला. यात गालाचं मांस सडून भोक पडतं. इथे आणलेल्या सुमारे २३,००० पैकी एकूण २१,००० च्या आसपास मेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या सुमारे ४,३०० जणांना गॅसकोठड्यांत मारलं.

युद्धानंतर रिटर आणि जस्टिन दोघांनाही फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळाली. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ पूर्वीचा छळ 'वांशिक' मानायला नकार दिला आणि अनेकांची भरपाई अडली. १९६३ मध्ये ती भूमिका बदलली. ते तक्तेही संशोधकांच्या हाती फिरत राहिले. १९८१ मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठाण मांडलं, तेव्हा कुठे ते राष्ट्रीय अभिलेखागारात गेले.