शाश्वत विकासावर पीएचडी: विषय चांगला असतो, अर्ज रकान्यात अडकतो

पीएचडी प्रवेश परीक्षेची, म्हणजे ‘पेट’ची जाहिरात आली की आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर गर्दी सुरू होते. मागे एक मुलगी आली होती. प्लास्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्याने भरली जातात, त्याने शेजारच्यांच्या विहिरींचं काय होतं, यावर तिला काम करायचं होतं. म्हणजे भूजल आलं, शेतीचं अर्थकारण आलं, गावातलं पाण्याचं राजकारणही आलं. विषय उत्तम. अर्जात विद्याशाखेच्या रकान्यात तिने ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ निवडलं आणि अर्ज छाननीतच बाद झाला.

चूक तिची म्हणवत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने विद्यापीठांत चार विद्याशाखा ठरवून दिल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. ही चौथी एका विद्याशाखेचं नाव आहे, तुमच्या विषयाचं वर्णन नव्हे. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण असे विषय साधारण तिथे बसवलेले असतात. पर्यावरणशास्त्र मात्र विज्ञान व तंत्रज्ञानात. नाव असं ठेवायचं आणि मुलांनी गोंधळ घातला की त्यांनाच ‘जाहिरात नीट वाचा’ म्हणायचं, हे आमच्याकडे नित्याचं.

तेव्हा संशोधन चार विषयांत फिरलं तरी अर्जाचं घर एकच लागतं, हे आधी ठरवा. पर्यावरणशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी ज्या विषयात तुमची पदव्युत्तर पदवी आहे किंवा विद्यापीठाच्या यादीत तुमची पदवी ज्याला ‘संलग्न’ धरली आहे, तो विषय. पदवीला सगळ्यांनाच सक्तीचा असलेला पर्यावरण अभ्यासाचा पेपर इथे पात्रता म्हणून चालत नाही. दरवर्षी कोणी ना कोणी त्याची गुणपत्रिका जोडतंच, म्हणून सांगितलं.

मार्गदर्शकही त्याच घरातला हवा, म्हणजे त्या विषयात विद्यापीठाची मान्यता असलेला. दुसऱ्या विषयाची बाजू सहमार्गदर्शक सांभाळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे तो दुसऱ्या विभागातला, अगदी दुसऱ्या संस्थेतलाही चालतो, मात्र रीतसर मंजुरी घेऊन. सर फोनवर ‘ये, बघू’ म्हणाले याचा अर्थ जागा मिळाली असा नाही. एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी, एवढीच मर्यादा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे रिकाम्या जागांची यादी बघा आणि सरांना निवृत्तीचं वर्षही विचारा. विचारायला अवघड वाटतं, पण विचाराच.

पात्रता तशी सरळ आहे: पदव्युत्तर पदवीला 55 टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमी लेयर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्के सवलत. चार वर्षांची पदवी असेल तर 75 टक्क्यांवर थेट अर्ज करता येतो. घोळ होतो तो सीजीपीएवाल्यांचा, म्हणजे गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सरासरी श्रेणीगुण असलेल्यांचा. समजा तुमचा सीजीपीए 6 आहे. कुठे तो 10 ने गुणतात, 60 टक्के होतात. कुठे आधी 0.75 वजा करून मग गुणतात, तेव्हा साडेबावन्नच. त्याच गुणपत्रिकेवर एक जण पात्र, दुसरा अपात्र! म्हणून तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं नसेल, तर परीक्षा विभागाचं सही-शिक्क्याचं रूपांतर पत्र लागतं. ते कोणाकडेच नसतं आणि दोन दिवसांत मिळतही नाही. जाहिरातीची वाट न बघता आजच अर्ज टाका.

आता नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. जून 2024 पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला धरले जातात. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली नसेल, तर नेटला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार. पण प्रवेशासाठी हे गुण निकालापासून एकच वर्ष चालतात. ‘नेट कायम वैध असते’ हे ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे, पण सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेपुरतं. वर्ष उलटल्यावर तेच प्रमाणपत्र घेऊन आलेली माणसं मी बाकावर सुन्न बसलेली पाहिली आहेत.

नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यांचं घोडं ना-हरकत पत्रावर अडतं. आणि अर्ज करणाऱ्यांत शिक्षकच जास्त. मुख्याध्यापक किंवा प्राचार्य एका ओळीत ‘यांच्या पीएचडीस आमची हरकत नाही’ लिहून देतात. ते पुरत नाही. नियमाला तीन गोष्टी हव्यात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी दिली आहे, कामाचं स्वरूप बघता संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, कामातून मोकळं केलं जाईल. तिसऱ्या वाक्यावर संस्थाचालकांचा हात थबकतो, कारण बदली शिक्षक कुठून आणायचा! म्हणून मजकूर स्वतः टाइप करून न्या, तिन्ही वाक्यं वेगवेगळी लिहा आणि सही घेण्याआधी जावक क्रमांक पडतोय ना ते बघा.

मुंबईच्या आयआयटीत ‘सितारा’ हे ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान पर्याय शोधणारं केंद्र 1985 पासून आहे, हवामान अभ्यासाचं केंद्रही आहे. आपल्या विषयाच्या मुलांना तिथे अर्ज करावासा वाटतो, करावाच. पण आयआयटी ही केंद्र सरकारची संस्था. आपलं तहसीलचं नॉन-क्रिमी लेयर, तीन वर्षांसाठी दिलेलं असलं तरी, तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं आणि चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे 1 एप्रिलनंतरचं प्रमाणपत्र लागतं. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा, राज्याची यादी वेगळी आहे. सेतूत ‘नॉन-क्रिमी पाहिजे’ एवढंच म्हणालात तर राज्याचंच हातात पडेल. ‘सेंट्रलचं’ हा शब्द उच्चारावा लागतो.

बाकी फोटो, सही, शुल्क हे नेहमीचं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असेल, तर अर्जात नाव गुणपत्रिकेसारखं भरा.

मुलाखतीत आंतरविद्याशाखीय विषयाला पहिला प्रश्न ठरलेला: ‘यात आमचा विषय कुठे आहे?’ ‘सगळीकडेच’ म्हणालात तर संपलं. शेततळ्यांवाल्या मुलीने पुढच्या वर्षी पर्यावरणशास्त्रात अर्ज केला आणि शीर्षकातला ‘शाश्वत विकास’ काढून टाकला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची जुनी आकडेवारी घेणार, निवडलेल्या विहिरींची पातळी पावसाआधी आणि पावसानंतर स्वतः मोजणार, आणि पाणी कोणाला मिळतं याचं घरोघर सर्वेक्षण अर्थशास्त्रातल्या सहमार्गदर्शकाच्या मदतीने करणार, असं तिने आराखड्यात लिहिलं होतं. समितीतल्या एका सरांनी तिला एवढंच विचारलं, की विहिरीची पातळी मोजायला टेप कोणती वापरणार.